नावापुरती शेतकरी

९ सप्टेंबर २००७, रविवार

मला न विचारता मला शेतकरी करून टाकलं! आमच्या घराची रीतच आहे ही. जमीन विकली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, नुसतं "आई, इथं सही कर" म्हणाले. आता जमीन घ्यायची आहे, तरी तेच. फरक एवढाच, की आईच्या जागी आजी म्हणतात.

झालं असं — सकाळी सकाळी नातवाच्या, पृथ्वीराजच्या, कंपनीतली पोरं आली. चार जोडपी. हॉलमध्ये सतरंजी टाकली, नकाशा पसरला. दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग, की समोरच्या ब्लॉकमधल्या बाईनं येऊन हळूच विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, अजून नाही.

त्यांचं म्हणणं असं. पानशेतच्या पलीकडं डोंगराच्या पोटाशी अकरा एकर आहेत. ती सगळ्यांनी मिळून घ्यायची. मातीची घरं बांधायची. चूल एक. भात-नाचणी आपली, भाजी आपली, दूध आपलं, वीज उन्हाची. बाजारातून फक्त मीठ. आणि एकेकानं नोकरी सोडून तिथंच राहायला जायचं. हे सगळं अभय सांगत होता. अभय म्हणजे त्यांचा म्होरक्या. दाढी, खादीचा कुडता, पायात परदेशी बूट. बोलतो गोड.

मग त्यांच्यातलीच एक पोरगी म्हणाली, "पण आपल्यात शेतकरी कोण आहे?" कारण कायदा तसा आहे — शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ज्याचं नाव आधीच कुठल्या तरी सातबाऱ्यावर आहे, त्यालाच. एवढी शिकलेली माणसं, एकाचंही नाव नाही. तेव्हा आमच्या दिवट्यानं स्वयंपाकघराकडं बोट केलं. "आमची आजी आहे ना!"

सगळ्या माना वळल्या. मी मेथी निवडत होते.

धायरीची आमची जमीन बिल्डरला गेली, तिथलं माझं नाव गेलं. पण माहेरी, भोरकडं, बापाच्या जमिनीवर वारस म्हणून भावाचं आणि माझं नाव अजून आहे. मच्छिंद्र कसतो, मी नावाला. तेवढ्या नावावर मी शेतकरी. म्हणजे खरेदी माझ्या नावानं करायची, मग मी ती नातवाला बक्षीस द्यायची, म्हणजे तो शेतकरी. बाकीच्यांचं वकील बघेल.

टाळ्या वाजवल्या पोरांनी. मला! रागही आला नाही, हसूही नाही. तक्रार आहे म्हणून लिहिली, एवढंच. मेथी निवडून झाली.

१० सप्टेंबर

ही डायरी कल्याणीनं दिली. पृथ्वीराजची बायको. शनिवार पेठेतली, बँकेत आहे, डायरीपण बँकेचीच. "आजी, लिहीत जा हो, मन मोकळं होतं." जानेवारीपासून कोरी पडली होती. मन मोकळं होत नाही. पान भरतं.

१३ सप्टेंबर

अभय आणि पृथ्वीराज वकिलाकडं जाऊन आले. वकिलानं शंका काढली — पैसे सगळ्यांचे आणि जमीन एकट्या म्हातारीच्या नावावर. मध्येच आजींना काही झालं तर?

हे माझ्यासमोर चाललं होतं. मी म्हटलं, "मी ऐकतेय."

अभय ओशाळला. "तसं नाही आजी. म्हणजे थिऑरेटिकली..."

कल्याणी म्हणाली, "थिऑरेटिकली आपण सगळेच जाणार आहोत, अभय. पण आजी तुझ्या आधी जातील असं धरून चालू नकोस. हट्टी आहेत त्या."

या पोरीची जीभ मला पसंत आहे.

शेवटी ठरलं, आजींची तपासणी करायची. रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या. डॉक्टर म्हणाला, हृदय उत्तम. जमिनीची मोजणी राहिली बाजूला, आधी माझीच झाली.

घरी येऊन ललिताला सांगितलं. ललिता म्हणजे माझी सून, पृथ्वीराजची आई. मालिका लागली होती तिची. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "उत्तम असणारच आत्याबाई. वापरलंय कुठं तुम्ही ते?"

माझ्याच हाताखाली शिकलीय. बोलणार काय तिला.

१८ सप्टेंबर

ललितानं गौरीसमोर नवस बोलला, पोराच्या डोक्यातलं जमिनीचं खूळ जाऊ दे. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. म्हणजे गौरीला आणि मला, दोघींना.

२३ सप्टेंबर, रविवार

जमीन बघून आले. दोन सुमो. धरणाच्या कडेकडेनं वळणं वळणं.

एक लिहून ठेवते — अभय नुसता बोलघेवडा नाही. सुट्टीच्या दिवशी कुठं कुठं जाऊन शिकून आलाय. बांध कुठं घालायचा, पाणी कुठं अडवायचं, वारा कुठून येतो, घरांची तोंडं कुठं करायची, सगळं चालून दाखवलं. मी म्हटलं, इथं विहिरीला पाणी लागायचं नाही. तो मला वरच्या अंगाला घेऊन गेला. झरा होता. खळखळत होता. ओंजळभर पाणी प्यायले.

मला विचारलं, "आजी, धायरीला तुम्ही काय काय घ्यायचात?"

"कांदा. ऊस. मेथी, कोथिंबीर."

"आणि खत?"

"युरिया. मिळेल तेवढा."

सगळ्यांची तोंडं अशी झाली, जशी काही मी तान्ह्या पोराला दारू पाजत होते.

एक पोरगी जवळ येऊन बसली. "आजी, इथं उभं राहून काय वाटतं तुम्हाला?"

"गुडघा दुखतोय."

हसले सगळे. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

खरं म्हणजे मी वाट बघत होते. म्हटलं, काहीतरी वाटेल. एवढं गवत, ओली जमीन, खेकड्यांची बिळं, लांबपर्यंत माणूस नाही. माती हातात घेतली. माती होती. टाकली आणि हात पदराला पुसला.

पृथ्वीराज मात्र! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा, दात काढून हसत होता. बाप गेल्यापासून या पोराला असं हसताना बघितलं नव्हतं. परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. लाळ गाळत. खांदा अवघडला, पण हलवला नाही.

होऊ दे त्याचं. माझ्या नावानं होतंय तर होऊ दे. नाव पडूनच आहे.

२८ सप्टेंबर

पोरं विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायला गेली होती, हात हलवत परत आली. जमिनीचा मालक म्हणाला, पितरं लागली, पंधरवड्यात व्यवहार करत नाही. दसऱ्याला या.

अभय चिडला होता. "एकविसाव्या शतकात पितर! आपण तीन आठवडे थांबायचं?"

"तुला शेतकरी व्हायचंय आणि पंचांग नकोय," कल्याणी म्हणाली. "बघ बुवा, जमतंय का."

१ ऑक्टोबर, सोमवार

मच्छिंद्रचा फोन. त्याचा फोन येतो राखीला आणि भाऊबीजेला. मध्येच आला म्हणजे काम असणार.

धाकटा माझा. आई लवकर गेली, हा माझ्या कडेवर वाढला. शाळेत जाताना घेऊन जायचे, वर्गाबाहेर बसवायचे. चौथीनंतर शाळा सुटली ती यालाच सांभाळायला. त्याचं काही नाही. तेव्हा सगळ्याच पोरींचं तसं होतं.

"अक्का, बरी हाय का?"

"हाय. बोल."

"काय न्हाई, एक सही हाय तुझी. हक्कसोड करून टाकू. तुझं नाव निघालं की पोरांच्या वाटण्या करतो. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं बरं."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं बापाच्या जमिनीवरचं आपलं नाव भावासाठी सोडून द्यायचं. आमच्यात सगळ्या सोडतात. साडीचोळी घेतात, पुरणपोळी जेवतात, सही करून घरी येतात. जी सोडत नाही तिचं माहेर बंद. मीही सोडणारच होते. आजवर त्यानं म्हटलं नाही, म्हणून राहिलं.

पण आत्ता सोडलं तर मी शेतकरी उरत नाही. मग पृथ्वीराजची खरेदी कशी होणार?

मी म्हटलं, "दिवाळी होऊ दे. मग करू."

तो खाकरला. मग, "का गं?"

"काम हाय जरा त्या नावाशी."

फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला, काय बोलून बसले ते. सही मागितल्यावर बहिणीनं "थांब" म्हणायचं नसतं. थांब म्हटलं की तिला वाटा पाहिजे, असाच अर्थ होतो. गावात दुसरा अर्थच नाही त्याला.

५ ऑक्टोबर

रामदासची तिथी. माझा मुलगा, पृथ्वीराजचा बाप. गच्चीवर पान ठेवलं. कावळा लगेच शिवला. जिवंत होता तेव्हाही दम नव्हताच त्याला.

जमीन विकायचं त्यानं आणि आमच्या मालकांनी ठरवलं. मालकांचं नाव दशरथ. तेही गेले नंतर, झोपेतच, कुणाला त्रास न देता. त्याआधी शेतात चुना पडला. पांढऱ्या सरळ रेघा, शाळेच्या मैदानावर मारतात तशा. रामदासनं मला हाताला धरून नेऊन दाखवल्या होत्या — "आई, हा रस्ता, हे पार्किंग, आणि इथं आपला ब्लॉक." कांद्याच्या पातीवर चुना पडला होता. पात पिवळी व्हायच्या आत डंपर आले. पैसा आला, गळ्यात जाड साखळी आली, काळी गाडी आली. गाडी बायपासच्या उतारावर कंटेनरखाली गेली. पृथ्वीराज तेव्हा कॉलेजात.

ललिता रडली. सगळी धायरी रडली. मी आल्यागेल्याचा चहा करत होते. साखर संपली तर शेजारून आणली. तेव्हापासून थंडीत बोट बधिर होतं तसं आहे. सुई टोचली तरी कळत नाही. दुखत नाही हे बरंच म्हणायचं.

जेवताना पृथ्वीराज म्हणाला, "आजी, पप्पांनी जमीन विकली, मी घेतोय. पप्पांना बरं वाटेल ना?"

ललिता उठून आत गेली. मी म्हटलं, "खीर घे अजून."

९ ऑक्टोबर

झालंच. भावजयीनं ललिताला फोन केला. "तुझ्या सासूला आता म्हातारपणी वाटा आठवला व्हय?"

मीच फोन लावला मच्छिंद्रला. सांगून टाकलं — "वाटा नको बाबा मला. नातवाला जमीन घ्यायची हाय, तवर माझं नाव राहू दे. त्याचं झालं की लगेच सोडते."

"म्हंजे माझ्या बापाच्या जिवावर तुझा नातू शेतकरी व्हणार?"

"माझा पण बापच हुता तो."

"हा, हुता की. पण..."

आणि थांबला. त्या "पण"च्या पुढं काय असतं ते मला माहीत आहे. सगळ्या बहिणींना माहीत असतं. त्यानं बोलायची गरज नव्हती, तो बोललाही नाही. एवढी लाज ठेवली.

"भाऊबीजेचं बघू मग," म्हणाला, आणि ठेवला.

१० ऑक्टोबर

भाऊबीजेचं बघू! याच्या ढुंगणाखालचं मी धुतलंय.

१२ ऑक्टोबर

घट बसले. पृथ्वीराजनं बांधकामाच्या मातीच्या विटा घरी आणल्यात. गॅलरीत वाळत घातल्यात. सोसायटीच्या चेअरमननं विचारलं, हे काय? ललिता म्हणाली, "माझ्या मुलाचा पगार."

२१ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

विसार द्यायला सगळे निघणार होते. माझी नवी नऊवारी नेसून झाली होती. पृथ्वीराज बूट घालून दारात.

अभय उशिरा आला, आणि एकटाच. हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या आजी." पाया पडला. मग बसला. पाण्याचा ग्लास हातात धरून फिरवत राहिला.

"कंपनी अमेरिकेला पाठवतेय. दोन वर्षं. मी खूप विचार केला, पृथ्वी. आत्ता नाही म्हटलं तर परत चान्स नाही."

पृथ्वीराज म्हणाला, "पण तू नोकरी सोडणार होतास."

"सोडणारच आहे! थोडं सेव्हिंग होऊ दे ना. परत आल्यावर करूच आपण. जमीन काय पळून जातेय?"

कल्याणी म्हणाली, "स्वावलंबनाला व्हिसा लागतो हे मला नव्हतं माहीत."

त्यावर कुणी हसलं नाही. तो गेल्यावर बाकीच्यांचे फोन आले. एकाच्या बायकोला दिवस गेलेत. एकाच्या वडिलांना मान्य नाही. एकीला आपणच लावला, तर तिनं उचललाच नाही. अकरा एकर एकट्या पृथ्वीराजला झेपणारे नाहीत, आणि मालक तुकडा तोडून देत नाही.

पृथ्वीराजनं बूट काढले. नीट जोडीनं कपाटात ठेवले. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा बाप ताट फेकायचा. हा बूट जागेवर ठेवतो.

मला त्या अभयचा राग यायला पाहिजे होता. उलट मीच त्याला विचारलं होतं, श्रीखंड खाणार का. दोन वाट्या खाऊन गेला.

२३ ऑक्टोबर

कामावर गेला. डबा विसरला नाही, नेला नाही.

२४ ऑक्टोबर

आजही.

२७ ऑक्टोबर, शनिवार

कल्याणीला सुट्टी. गॅलरीत बसलो होतो दोघी. तिनं तेलाच्या कापलेल्या डब्यात वांग्याची रोपं केली होती, तिकडं न्यायला. एकाला फूल आलंय. विटा पण तिथंच, कडेला रचून ठेवल्यात. टाकवत नाहीत कुणाला.

"आजी, तुम्हाला वाईट वाटलं का हो?"

"कशाचं?"

"जमीन राहिली त्याचं."

"माझी कुठं होती?"

"नावावर होणार होती."

"नाव काय, रेशनकार्डावर पण आहे."

तिनं रोपाचं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाली, "तुमच्या माहेरची जमीन कशी आहे?"

हे मला कुणी कधी विचारलेलं नाही. म्हटलं, कशी म्हणजे? जमिनीसारखी. मग सांगायला लागले. विहिरीच्या अंगाला काळी आहे, ओढ्याकडं मुरमाड. चिंचेखाली काही येत नाही, तिथं गुरं बांधायचो. काळ्या रानात हरभरा घालायचे, घाटे धरले की मी आणि मच्छिंद्र चोरून खायचो, आपल्याच रानात चोरून, ओठ आंबट व्हायचे. ओढ्याला शेवरीची झाडं होती. बांधावर एक दगड होता, बसायला चांगला. दुपारी तापायचा तेव्हा ओला पदर टाकून बसायचं.

मध्ये न थांबता बोलले. पोळ्या राहिल्या. ललितानं केल्या, भांडी आपटत.

३० ऑक्टोबर

पृथ्वीराज म्हणाला, "आजी, आता मामाआजोबांना सही देऊन टाक. आपल्याला काय करायचंय त्या नावाचं? माझ्यामुळं उगाच वाकडं आलं तुमच्यात."

बरोबर आहे त्याचं. नाव ठेवायला कारण उरलं नाही.

मच्छिंद्रला फोन केला. आवाज पार बदलला त्याचा. "अक्का! मला वाटलंच, तू तशी न्हाईस. भाऊबीजेला मुक्कामाला ये, गाडी धाडतो. सोमवारी भोरला जाऊ, सही करू, दुपारी तुला घरी सोडतो."

"बरं."

"काय खायला करायला सांगू?"

"जे असंल ते."

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. ललितानं केलं. फटाके वाजत होते, कानात कापूस घालून बसले.

११ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. माहेरी.

डायरी पिशवीत टाकून आणलीय. ओसरीवर बसून लिहितेय, दिवा लागायच्या आत.

ओवाळलं. मच्छिंद्र वाळलाय, गळ्याची हाडं दिसतात. ताटात साडी घातली. हिरवी, रुंद काठाची, जड. दरवर्षी सुती येते. साडीच्या वजनावरून कळतं, भाऊ काय मागतोय. भावजयीनं वेणी घातली माझ्या डोक्यात. पुरणपोळी होती. चांगली झाली होती. खाल्ली.

उन्हं उतरल्यावर एकटीच रानात गेले. विहिरीपर्यंत. हरभरा उगवून वीतभर झालाय. आणि त्याच्यावरून चुना.

पांढऱ्या सरळ रेघा. आडव्या, उभ्या. मधून एक रुंद पट्टा. ओढ्यापर्यंत गेलाय. बसायचा दगड उपटून कडेला टाकलाय. त्यालाही चुना.

मच्छिंद्र मागून आला. काठी टेकत. मी विचारलं, "चुना कशापायी मारलाय?"

"पोरांच्या वाटण्या..."

"वाटणीला बांध घालत्यात. ह्यो रस्ता हाय."

तो खाली बसला. धाप लागली होती. मग बोलला. "पार्टी आलीय अक्का. पुण्याची. फार्महाऊसचं प्लॉट पाडायचं म्हणत्यात. पोरं रानात पाय ठिवत न्हाईत. मी एकटा किती दिस ओढू? तुला काय त्याचं? तू तर सोडलंयस."

"सोडलं न्हाई अजून. उद्या सोडायचं हाय."

"तेच की."

मी उभी राहिले. छातीत काहीतरी हललं. डॉक्टरनं उत्तम म्हटलंय, तेव्हा दुखणं नसावं. पोळीचं तूपही नसावं. घरी येऊन ओसरीवर बसले तरी तसंच. बराच वेळ कळेना. मग ओळखलं. राग आहे. कितीतरी वर्षांनी आलाय, म्हणून तोंडवळा विसरले होते.

साडीच्या काठाला चुना लागलाय. झटकला नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सही केली नाही. भोरच्या कचेरीत बाकावर बसून सांगितलं — विहिरीच्या अंगाचं अर्धं माझं, तिथं चुना नको. भावजय रडली. भाचा ओरडला. मच्छिंद्र नुसता बघत राहिला, कडेवरून उतरवल्यावर बघायचा तसा. साडी ठेवून घेतली. ती ओवाळणी आहे, किंमत नव्हे. एसटीनं आले, गुडघ्याची वाट लागली.

घरी आल्यापासून फोन वाजतोय. ललितानं उचलायचा नाही. कल्याणीनं उचलायचा नाही, ती एक बोलायची आणि चार नाती तुटायची. मी तर उचलणारच नाही. पृथ्वीराजनं उचलायचा. शेतकरी व्हायचं होतं ना त्याला? मग भाऊबंदांना पहिलं उत्तर त्यानंच द्यायचं. आणि वांग्याची रोपं कुणी फेकायची नाहीत.